सूर्यभानच्या घोंगडीतली बाटली

मी काढ्याची बाटली. तपकिरी काचेची, लाकडी बुचाची, आणि आता पार दमलेली.

पूर्वी माझ्यात खोकल्याचं औषध होतं. ते संपल्यावर मी पाथर्डीच्या गहिनीनाथ वैद्यांकडे आले. त्यांनी मला उकळत्या पाण्यातून काढलं, गोखरूचा काढा भरला आणि डोस कळावेत म्हणून अंगावर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवली.

बहात्तरच्या दुष्काळात सूर्यभान तिथं आला. पासष्टीचा, उभा जन्म ऊस तोडलेला माणूस. दुकानात दुसरं कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, "लघवीला बसलो की थेंब थेंब येती. लई जोर करावा लागतो."

"वयानं आतली गाठ वाढते," वैद्य म्हणाले. "हे घेऊन बघ. पण उतार पडला नाही तर डॉक्टरला दाखव."

डॉक्टरचं त्यानं कानाआड केलं. मला धोतरात गुंडाळून तो निघाला.

सूर्यभान आणि त्याची बायको रंगुबाई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी त्याच्या घोंगडीत लपलेली. दर आठ दिवसांनी रिकामी व्हायचे, भरून परत यायचे. दिवसातून दोनदा तो दगडाच्या ढिगामागं जाऊन मला तोंडाला लावायचा. सारखं उठावं लागू नये म्हणून त्यानं पाणी पिणंही कमी केलं. "माझं मालक स्वतः तहानलेलं राहून दुसऱ्याला पाणी ठेवत्यात," असं रंगुबाई बायकांना कौतुकानं सांगायची. तो खाली मान घालून खडी फोडत राहायचा.

एकदा घोंगडी झटकताना मी तिच्या हाती लागले.

"ह्या वयात दारू?" तिनं मला त्याच्यापुढं धरलं. "पोरांनी तोंड कुठं लपवावं?"

मला वाटलं, आता तरी सूर्यभान सांगेल. पण त्यानं दारुडा ठरणं पत्करलं. त्या दिवसापासून रंगुबाई त्याच्याशी बोलेना. भाकरी पुढं ठेवायची नि उठून जायची.

मग एके दुपारी लघवी साफ बंद झाली. ओटीपोट दगडासारखं टणक झालं, अंगाला घाम फुटला. घाबरून त्यानं मला बूड दिसेपर्यंत एका दमात संपवलं. माझा काढा लघवी वाढवणारा, पण बंद झालेली वाट मोकळी करणं काही त्याला जमत नव्हतं. कळ वाढतच गेली. मी त्याच्या मुठीत होते, आणि माझा काहीच इलाज चालत नव्हता.

तो कण्हताना ऐकून रंगुबाई धावत आली. तिनं मला हिसकावून नाकाशी धरलं. दारूचा वास नव्हता.

"अवो, हे औषध हाय! काय हुतंय तुमाला?"

"रंगू… तीन म्हैने झालं, मुतायला तरास हुतोय गं. आज पार बंद झालं."

तिनं मुकादमाला हाक मारून काम बघायला आलेल्या साहेबांची जीप थांबवली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "मालकाची लघवी तुंबलीय. दवाखान्यात न्या!"

दवाखान्यात डॉक्टरांनी रबरी नळी घातली. सूर्यभान लहान मुलासारखा रडला, सुटका झाली म्हणून. "बाबा, आता औषधानं भागायचं नाही. नगरला जाऊन ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

रंगुबाई त्याच्या पायाशी बसली. "म्या तुमाला दारुडा म्हनले. तवाबी बोलला न्हाई?"

"ते ऐकाया सोपं हुतं," तो म्हणाला.

नगरला ऑपरेशन झालं. सूर्यभान पुन्हा कामावर आला. आता तो पोटभर पाणी पितो.

मी रिकामीच आहे. पट्टी निघाली, बूच सैल झालं. अजून किती जणांच्या अंथरुणात लपून राहायचं? कंटाळा आलाय. परवा शेजारच्या पालातला भिमाजी इकडं तिकडं बघत आला. "वहिनी, ती काढ्याची बाटली देता का? एका पाव्हन्याला पायजे."

रंगुबाईनं मला उचललं, पण त्याच्या हाती दिलं नाही. म्हणाली, "भाऊजी, आदी तुमच्या गोजरबाईला बोलवा. तिच्यासमोर सांगा, पाव्हन्याला काय हुतंय ते."

भिमाजीनं पालाकडं तोंड करून बायकोला हाक मारली.