लॉर्नाच्या ट्रेलरमधलं गरम पाणी

माझी बायको लॉर्ना मार्चमध्ये गेली. सप्टेंबरात आमची मुलगी ट्रेसा म्हणाली, आईची घोडी आणि आईचा ट्रेलर घेऊन मी शर्यतींना निघते. तीन पिंपांना वळसे घालत घोडी पळवायची आणि त्याच दिवशी पुढच्या गावाला लागायचं. लॉर्नाने बावीस वर्षं हेच केलं. गाडी मी चालवायचो.

ट्रेलरच्या मागच्या भागात घोडी. पुढच्या भागात पलंग, शेगडी आणि एका माणसाला जेमतेम उभं राहता येईल एवढी न्हाणी. पाणी तापवायला सहा गॅलनची, म्हणजे तेवीसेक लिटरची टाकी होती. ती गेल्या हिवाळ्यात गोठून फुटली. थंडी पडायच्या आधी तिच्यातलं पाणी काढून टाकावं लागतं. ते लॉर्ना करायची, आणि गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती. असं काही काम असतं हेच मला माहीत नव्हतं.

शॉनी गावाच्या अलीकडे नेल्डाचं ट्रेलरच्या सामानाचं दुकान आहे. नेल्डा पूर्वी लॉर्नाबरोबर शर्यतींना यायची. पुढे गुडघे गेले आणि तिने हे दुकान टाकलं. आम्ही ट्रेलर घेऊनच तिच्याकडे गेलो.

"तशीच टाकी दे," ट्रेसा म्हणाली. "सहा गॅलनचीच."

"अगं, आता बिनटाकीचे निघालेत," नेल्डा म्हणाली. "नळ सोडला की आत गॅस पेटतो, पाणी वाहता वाहता तापतं. उभी राहा पाहिजे तेवढा वेळ."

"मला नको. आईचं भागायचं ना त्याच्यात? आईने कधी काही मागितलं नाही, बाबांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलंय."

सांगितलं होतं खरं. शवपेटीशेजारी उभं राहून मी म्हणालो होतो की माझ्या बायकोने बावीस वर्षांत माझ्याकडे एक गोष्ट मागितली नाही. लोकांनी डोळे पुसले होते.

नेल्डाने माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरचे स्क्रू चाळायला लागलो.

"बरं, मला एक सांग वेंडेल," ती म्हणाली. "लॉर्ना अंघोळ कशी करायची? साबण लावताना पाणी बंद करायची का चालू ठेवायची?"

"त्याचं काय?"

"बिनटाकीचा घ्यायचा तर त्याचंच सगळं आहे. पाणी बंद केलं की गॅस विझतो, परत सोडलं की आधी डोक्यावर गार पाणी येतं. शिवाय काही मशीन जोराची धार असल्याशिवाय पेटतच नाहीत. ट्रेलर उभा करतो तिथे नळ नसतो, आपल्या टाकीतलं पाणी पुरवून वापरावं लागतं, म्हणजे धार बारीक. म्हणून विचारते."

मला सांगता येईना. बावीस वर्षं एका दाराआड ती अंघोळ करत होती आणि मी बाहेर होतो. बाहेर कशाला होतो तेही सांगतो. शर्यत झाली की टाकीतलं सगळं गरम पाणी मी दोन बादल्यांत काढून घ्यायचो, त्यात गार मिसळायचो आणि घोडीची पाठ आणि पाय धुवायचो. आमच्यात नियमच आहे, आधी घोडा, मग माणूस. घोड्याला चारा घातल्याशिवाय कोणी घास घेत नाही. ऑक्टोबरात वारा सुटला की घोडीच्या अंगातून वाफ निघायची. लोक म्हणायचे, वेंडेलसारखी घोडी कोणी राखत नाही. मला बरं वाटायचं.

मी स्वतः मैदानावरच्या पुरुषांच्या न्हाणीघरात जायचो. तिथे पाणी गरम असायचं. बायकांसाठी तशी सोय नव्हती.

"तिला तुमच्या ट्रेलरमध्ये अंघोळ कुठली," नेल्डा म्हणाली. ट्रेसाकडे बघून म्हणाली, मला ऐकवायला. "माझ्याकडे यायची ती. माझ्या ट्रेलरमध्ये. टॉवेल काखोटीला मारून. म्हणायची, आमचं मशीन परत बिघडलंय गं. मी एकदा म्हटलं, वेंडेलला सांग, नाहीतर मी सांगते. तर म्हणाली, दुरुस्त करतोय तो."

मशीन कधीच बिघडलं नव्हतं. ती टॉवेल घेऊन जाताना मला दिसायची. मला वाटायचं, बायका गप्पा मारायला जमतात.

"नेल्डामावशी, तू शर्यती कधी सोडल्यास?" ट्रेसाने विचारलं.

"दोन हजार अकरा."

ट्रेसाने हात आपल्या केसांवर नेला. तिलाही तेच आठवलं असणार. त्याच वर्षी लॉर्नाने केस कापले होते. कमरेपर्यंतचे केस, पार कानापर्यंत. मी दोन दिवस गाल फुगवून बसलो होतो. तिला म्हणालो होतो, न विचारता कापलेस. ती म्हणाली होती, मध्ये मध्ये येतात.

मला तिथून बाहेर पडायचं होतं. टाकी घेतली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पोरगी आईच्या कौतुकात गार पाण्याने न्हात गावोगाव फिरली असती आणि माझं चर्चमधलं बोलणं तसंच राहिलं असतं.

"तिने मागितलं होतं," मी म्हणालो.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"तीनदा. गरम पाण्याचं मोठं मशीन. पहिल्यांदा म्हणालो, पुढच्या वर्षी. दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा त्या पैशांतून घोडीच्या पायाखाली रबरी चटया बसवल्या. तिसऱ्यांदा म्हणालो, तुला काय राणीसारखं न्हायचंय? त्यानंतर नाही मागितलं. चर्चमध्ये मी खोटं बोललो."

नेल्डा काउंटर पुसायला लागली. तो स्वच्छच होता.

ट्रेसाने विचारलं, "बारीक धारेवर पेटणारा कुठला?"

नेल्डाने काढून दिला. जुन्या टाकीच्या भोकात बसेल असा.

घरी येईपर्यंत ट्रेसा खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी मी जुनी टाकी काढली. एका मोठ्या बादलीत मावेल एवढंच पाणी तिच्यात मावायचं. नवीन मशीन बसवलं, गॅसची जोडणी साबणाच्या फेसाने तपासली, आणि ट्रेसाला म्हटलं, बघ जरा. ती आत गेली. तिचे केस आईसारखेच लांब आहेत. मी अंगणात उभा राहून, नळ चालू असेपर्यंत घरघरणाऱ्या पंपाचा आवाज ऐकत होतो. तो दोनदा थांबला. म्हणजे साबण लावताना ती पाणी बंद करते. हे मला आता माहीत आहे.

ती ओल्या केसांनी बाहेर आली आणि घोडीकडे गेली.

शुक्रवारी सकाळी निघाली. गाडीची काच खाली केली, म्हणून मी जवळ गेलो.

"थंडीच्या आधी, आत्तापासूनच आठवण करून देते," ती म्हणाली. "पाणी काढून टाकायचं असतं. ट्रेलर घरी असेल आणि मी नसले तर तुम्ही काढा."

"कसं काढायचं ते दाखवून जा."

तिने गाडी बंद केली, उतरली आणि दाखवलं. खाली एक बूच असतं, ते उलटं फिरवायचं. एवढंच. मी ते तिच्यासमोर दोनदा करून दाखवलं.

"बाबा, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, असं मी म्हणणार नाही," ती परत गाडीत बसत म्हणाली. "अजून तरी नाही."

"नको म्हणूस," मी म्हणालो.