शिड्यांच्या नाचाची चिठ्ठी

मी एक जुनी चिठ्ठी आहे. तळहाताएवढी, दोन भोकांची, मागच्या बाजूने कोरी. मित्रांनो, चिठ्ठीला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण आधी कोणाला काय मिळणार होतं ते मांडून घेऊ, म्हणजे पुढे घोळ नको. भाचीला मिळणार होतं काहीच नाही. पहारेकऱ्यालाही तेवढंच. मावशीला मिळणार होती इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातली एक ओळ, तीही भिंगाशिवाय न दिसणारी. एवढ्याशा मिळकतीसाठी माणसं अकरा दिवस भांडली. म्हणून मला वाटतं, भांडण ओळीचं नसावंच.

माझा जन्म घाईतला. एका नृत्यमंडळीचा मोठा प्रयोग होता. कार्यक्रमपत्रिका तीन आठवडे आधीच छापून तयार होत्या आणि तिसऱ्या पानावर, दुसऱ्या भागापुढे, नाच बसवणाऱ्या मास्तरांचं नाव होतं. प्रयोगाला चार दिवस उरले असताना मास्तर रुसून निघून गेले. नेपथ्यही पोचलं नाही. रंगमंचावर होत्या फक्त रंगाऱ्यांच्या आठ शिड्या. तेव्हा कपडेपटात बटणं लावणारी एक मुलगी उठली आणि त्या शिड्या घेऊनच तिने नाच बसवला. शेवटच्या दुपारी छापखान्यातून आम्ही तीनशे बहिणी निघालो. प्रत्येकीच्या अंगावर एकच मजकूर होता: दुसऱ्या भागात शिड्यांचा नाच नव्याने बसवला आहे, नृत्यरचना अमुक हिची. नाव मी सांगत नाही. आता ते ज्ञानकोशात आहे, तिथे वाचा.

शाई वाळेपर्यंत थांबायला कोणाला वेळ होता? ओल्या अंगानेच आम्हाला तिसऱ्या पानावर टाचण्या मारून बसवलं आणि पत्रिका मिटून टाकल्या. हे ओलं अंग तेवढं लक्षात ठेवा.

माझी नोकरी एका संध्याकाळची. लोकांनी मला वाचलं, टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या बहुतेक बहिणी त्याच रात्री केरात गेल्या. ग्रंथालयात एक पत्रिका पोचली, पण तिच्यातली चिठ्ठी कधीतरी गळून पडली. मला मात्र त्या मुलीने पत्रिकेतून सोडवून बटणांच्या डब्याच्या तळाशी घातलं आणि विसरली. पुढे ती मावशी झाली, म्हातारी झाली, आणि शिड्यांची गोष्ट सांगून सांगून तिने घरच्यांचे कान किटवले.

मग कोणीतरी ज्ञानकोशात नृत्याच्या इतिहासावर लेख लिहिला. त्यात शिड्यांचा नाच मास्तरांच्या नावावर. भाचीच्या भावाने तो जेवताना मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "मावशी, इतकी वर्षं आम्हाला छान बनवलंस की!" सगळे हसले, मावशीही हसली. पण त्यानंतर तिने ती गोष्ट सांगणं बंद केलं आणि तिची झोप उडाली. एक दिवस भाचीला हळूच विचारलं, "अगं, मीच बसवला होता ना तो?"

नाच बसवला तेव्हा भाची जन्मलीही नव्हती. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. ज्ञानकोशात कोणीही लिहावं आणि कोणीही खोडावं, एवढंच तिने ऐकलं होतं. तिने मास्तरांना खोडलं, मावशीला लिहिलं आणि आधाराच्या जागी टाकलं, 'मी तिची भाची आहे.' त्या लेखावर पहारेकरी असं टोपणनाव घेतलेला एक जुना संपादक नजर ठेवून असे. त्याने पाच मिनिटांत सगळं पूर्ववत केलं. तिने पुन्हा लिहिलं, त्याने पुन्हा पुसलं. चौथ्या खेपेला तिच्यावर एक दिवसाची बंदी आली. वर समज मिळाली की नातेवाइकांविषयी लिहू नये, ऐकीव चालत नाही, छापील आधार द्यावा. त्याचा आधार तयारच होता: पत्रिका, पान तीन, ग्रंथालयाची प्रत.

पाचव्या दिवशी कोटाचं बटण शोधताना भाचीच्या हाती मी लागले. तिने माझा फोटो चर्चेच्या पानावर टाकला. पहारेकऱ्याने लिहिलं, 'अशी चिठ्ठी काल संध्याकाळीही छापता येते.' मला राग आला. पण मित्रांनो, खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं.

भाची खरमरीत काहीतरी लिहायला बसली, तेव्हा मावशीने तिचा हात धरला. "त्याला बोलू नकोस. त्याच्याकडे कागद आहे, आपल्याकडे नुसती मी. आणि माझा आता मलाच भरवसा नाही."

भाचीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला घेऊन ग्रंथालयात गेली. ग्रंथपालबाईंनी त्यांची प्रत काढली. तिसऱ्या पानावर टाचणीची गंजलेली दोन भोकं होती. समोरच्या दुसऱ्या पानावर करडा डाग. बाई म्हणाल्या, हा डाग मी नेहमी पाहते, कोणाची तरी बोटं असतील. पण भाचीचं दुकान पडलं अरुंद. तिथे अंतर पुरावं म्हणून अक्षरांचा तक्ता उलटा छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तो समोरच्या आरशात बघून वाचतं. उलटी अक्षरं पाहण्यात तिचा जन्म गेला. तिने डाग नुसता पाहिला नाही, वाचला. ओल्या अंगाची माझी बहीण गळून पडण्याआधी समोरच्या पानावर स्वतःला उमटवून गेली होती, मावशीच्या नावासकट.

या वेळी भाचीने लेखाला हात लावला नाही. चर्चेत एवढंच लिहिलं, 'तुमच्याच प्रतीचं दुसरं पान आरशात बघा.'

दुसऱ्या दिवशी एक वयस्क गृहस्थ बायकोच्या पर्समधला आरसा घेऊन ग्रंथालयात आले आणि पाव तास त्या पानावर वाकून बसले. दुपारी पहारेकऱ्याने स्वतःच्या हाताने ओळ बदलली आणि खाली लिहिलं, 'चूक माझी. मी पान तीन वाचलं, दोन वाचलं नाही.' मात्र एक विनंती केली. चिठ्ठी ग्रंथालयात जमा व्हावी, म्हणजे उद्या कोणालाही पडताळता येईल.

मावशीने भिंगाखाली ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे मी थापा मारत नव्हते," ती म्हणाली, आणि कित्येक आठवड्यांनी दुपारी गाढ झोपली.

उठल्यावर तिने विचारलं, "चिठ्ठी परत नाही ना मिळणार?"

"नाही, मावशी."

"जाऊ दे. मला आठवतंय."

आता मी ग्रंथालयात, माझ्या बहिणीच्या सावलीसमोर राहते. मित्रांनो, जुन्या पुस्तकातून सुटा कागद पडला तर तो केरात टाकू नका. ज्या पानातून पडला त्याच पानात ठेवा.

राहिला हिशेब, कोणी काय भरलं त्याचा. पहारेकऱ्याने एक ओळ भरली आणि थोडा ताठा. भाचीने एक दिवसाची बंदी आणि अर्धी रजा. जेवताना हसलेल्या भावाने काहीच भरलं नाही; तो हल्ली सगळ्यांना सांगतो, आमच्या मावशीने बसवलेला नाच. बाकी सगळं मावशीने भरलं. आधी झोप, मग मी.