विषय बघून हात

निकाल लागून दोन तास झाले नव्हते, तोवर लिलियन टीचरच्या घरापुढच्या खळ्यात तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. खाजणवाडीच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली ही बाई पंचायत समितीला अपक्ष उभी राहिली काय आणि अकरा मतांनी निवडून आली काय! आता अख्ख्या तालुक्याच्या नजरा तिच्या छत्री निशाणीवर खिळल्या होत्या.

कारण आकडेच तसे पडले होते. एकूण बारा जागा. दत्तप्रसाद सावंतच्या आघाडीला सहा. त्यातले दोघे मित्रपक्षाचे, प्रचारभर दत्तप्रसादला शिव्या घालून शेवटच्या आठवड्यात गळ्यात गळे घालून आलेले. उर्वशी परबच्या पक्षाला पाच. उरली एकटी लिलियन. ती आघाडीकडे गेली तर आघाडीला पक्कं बहुमत; उर्वशीकडे गेली तर सहा-सहा, आणि सभापती चिठ्ठीवर.

पहिल्या गाडीतून दत्तप्रसादच उतरला. पायरीवर वाकून त्यानं नमस्कार केला. बाराखडी त्याला लिलियननंच शिकवली होती.

"टीचर, उपसभापतीपद तुमचं. फक्त निवडीच्या सभेपर्यंत चार दिवस गोव्यात ऱ्हावून येवा. हॉटेलाची सोय केलंय."

"गोव्यात माझ्यो दोन बहिणी आसत रे बाबा," लिलियन हसली. "थंय जावक माका तुझी गाडी कित्याक व्हयी?"

उर्वशी संध्याकाळी आली, तिनंही उपसभापतीपदच देऊ केलं. लिलियननं दोघांना चहा दिला, शब्द मात्र दिला नाही. मनातून तिचा कल दत्तप्रसादकडे होता. आपला विद्यार्थी सभापती होणार, या विचारानं तिला आतून गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मासे घ्यायला किनाऱ्यावर गेली आणि सुभद्रानं तिला वाटेतच अडवलं. सुभद्रा म्हणजे मासे विकणाऱ्या बायकांची पुढारीण. लिलियनसाठी घरोघर फिरलेली.

"टीचरनू, कोणाक हात वर करतल्यात?"

"अजून ठरवूक नाय गो."

"ठरवू नकाच! आमी तुमका मता दिली, त्येंका नाय. आमका इचारल्याशिवाय हात वर करूचो नाय."

लिलियन चपापली. मग तिचे डोळे चमकले. बरोबरच होतं की! घरी येऊन तिनं दोघांनाही फोन लावला आणि निरोप एकच दिला : रविवारी सकाळी खाजणवाडीच्या किनाऱ्यावर या, लोकांना उत्तरं द्या. लोक ज्याला म्हणतील त्याला माझा हात.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ख्रिस्तांव माणसं आली, रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढून झालेले रापणकर आले, बायका माशांच्या पाट्या बाजूला ठेवून आल्या. शेजारच्या तोंडवली गावाहूनही काही जण मजा बघायला आले. पांढऱ्या कपड्यांतला दत्तप्रसाद आणि चपला हातात घेतलेली उर्वशी वाळूत समोरासमोर उभे. शिक्षण खात्याची तपासणी असायची तेव्हासुद्धा लिलियन इतकी घाबरली नव्हती.

रापणीचा म्होरक्या भिकाजी पुढे झाला. "शाळेत चार वर्गांका एकच मास्तर. तो आजारी पडलो काय शाळा बंद. दुसरो मास्तर कधी येतलो?"

"एका महिन्यात आणतंय!" दत्तप्रसादनं छातीठोक सांगितलं. टाळ्या पडल्या.

"खंयसून आणतलंस?" सुभद्रानं विचारलं.

दत्तप्रसाद अडखळला. "वर बोलतंय मी..."

सगळ्यांनी उर्वशीकडे पाहिलं. "मास्तर देणं माझ्या हातात नाही, जिल्हा परिषदेच्या हातात आहे," ती म्हणाली. "पण पहिल्याच सभेत ठराव मांडीन आणि तो घेऊन स्वतः ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत जाईन. नाही गेले तर मला इथंच येऊन जाब विचारा."

तिला टाळ्या पडल्या नाहीत. लोक आपसात कुजबुजू लागले. मग भिकाजीनं वाळूत पायानं रेघ ओढली. "उर्वशीबाय डावीकडे, दत्तप्रसाद उजवीकडे. रवा उभे!"

एकच धांदल उडाली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे; भावाभावांची ओढाओढ; रेघेवर घुटमळणाऱ्यांना दोन्हीकडून हाका. लिलियननं शाळेत हजेरी घ्यावी तशी डोकी मोजली. दत्तप्रसादकडे एकोणनव्वद. उर्वशीकडे एकशे सात.

दत्तप्रसाद तिच्याकडे बघत होता. तिला वाईट वाटलं, पण तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "माझो हात उर्वशीक."

सभेच्या दिवशी तालुक्याच्या कार्यालयाबाहेर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत अधिकाऱ्यांनी हात मोजले. सहा. सहा. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी डोळे मिटून एक काढली, उलगडली.

"दत्तप्रसाद सावंत."

बाहेर फटाके फुटले. लिलियन खुर्चीत मटकन बसली. हरलो आपण, आता खाजणवाडीला कोण विचारतो?

पण दत्तप्रसाद हार गळ्यात पडायच्या आधीच तिच्यापाशी आला. मित्रपक्षाचे दोघे उपसभापतीपदावरून कोपऱ्यात धुसफुसत होते. कधी पलीकडे जातील याचा नेम नव्हता, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

"टीचर, पाच वर्षं विरोधच करतल्यात?"

लिलियनला त्या क्षणी लख्ख उमगलं, की ती हरलेली नाही. ती ताठ बसली.

"विषय बघून हात वर करतलंय. पहिलो विषय आमच्या मास्तराचो घे, मगे बघूया."

"तो ठराव मी मांडणार होते," मागून उर्वशी म्हणाली.

"मग तुम्ही मांडा," दत्तप्रसाद म्हणाला, "मी अनुमोदन देतो."

महिन्याभरानं कामकाजाच्या पहिल्या सभेत खाजणवाडीचा ठराव आला. बारा हात वर गेले, मित्रपक्षाच्या दोघांचेसुद्धा. लिलियननं तिथूनच सुभद्राला फोन लावला. पलीकडून किनाऱ्यावरचा नुसता गलका ऐकू आला, आणि त्यावर सुभद्राचा आवाज :

"ठराव झालो, बरां झालां! आता दोघांकय घेवन ओरोसाक चला. टेंपो आमी काढतो!"