दगड चाटणारा पाहुणा

माणूस चक्क दगड चाटत होता! आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावराला लागून नाल्याची दरड आहे. वर काळा दगड, खाली पांढरट मऊ पट्टा. तिथं तो उकिडवा बसला होता. एकेक खडा उचलायचा, जिभेला लावायचा, फेकून द्यायचा.

"बाबा, हा गुप्तधनवाला हाय," मी म्हटलं.

माझे बाबा, उद्धवराव, वाटेनं जाणाऱ्या कोणालाही चहाला बोलावतात. "कायचं गुप्तधन वं? उपाशी असंन बिचारा," म्हणत त्यांनी त्याला हाक मारलीसुद्धा.

पाहुणा ओसरीवर बसला. नाव सुधाकरराव, नागपूरच्या कॉलेजात दगडांचा विषय शिकवतात म्हणे. म्हणाले, "तुमचा तो पांढरा पट्टा म्हणजे डायनोसॉरच्या काळातला चिखल आहे. हाडं मिळतात त्यात. दगड झालेली."

तसलं हाड माझ्याकडे होतं! त्याच दरडीत सापडलेलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ केलेलं. बोथ गावच्या विज्ञान प्रदर्शनात मी ते मांडणार होते, आणि यंदा पहिला नंबर माझाच, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

"आमच्या हर्षालीपाशी हाय न एक!" बाबा बोलून गेले. मी त्यांना चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

शेजारच्या बंडूकाकांचं मला आठवत होतं. असाच एक गाडीवाला आला, "तपासून आणून देतो" म्हणून त्यांना वावरात सापडलेला दगड घेऊन गेला. काका अजून फाटकाकडे बघून राह्यले.

म्हणून मी आत जाऊन ताट लावलं. दरडीतले तीन पांढरे लांबट दगड, आणि त्यांच्यात माझ्या हाडाचा अर्धाच तुकडा. काढताना त्याचे दोन झाले होते. दुसरा अर्धा मी ज्वारीच्या पोत्यात खुपसला.

"ओळखा," मी ताट पुढं सरकवलं.

"परीक्षा घेऊन राह्यली का माझी?" ते हसले. भिंगातून पाहिलं, जीभ लावली. दगड. दगड. दगड. चौथा मात्र जिभेला असा चिकटला की हात सोडला तरी लोंबत राहिला. "असल्या हाडाला बारीक छिद्रं असतात, म्हणून चिकटतं," तो ओढून काढत ते म्हणाले. बाबा टाळी वाजवून हसले. मी नाही हसले. माल तर चोरालाही ओळखता येतो.

सुधाकररावांनी तुकडा उलटा केला आणि एकदम गंभीर झाले. "ही कड ताजी तुटलेली आहे. दुसरा तुकडा कुठं आहे? विकला?"

"मी काऊन विकीन?" माझे कान तापले.

"मग लपवला काऊन?"

"तुमी घेऊन पळाले तं?"

बाबा हळूच म्हणाले, "पोरी, मास्तर हायेत. देऊन टाक न."

"कोणत्या प्राण्याचं ते नुसतं बघून सांगता येत नाही," सुधाकरराव म्हणाले. "दुसऱ्या हाडांशी ताडून बघावं लागतं. ती नागपूरला आहेत."

कोणत्या प्राण्याचं आहे हे मलाही कळायला हवं होतंच. पाटीवर नुसतं 'हाड' लिहून काय पहिला नंबर येतो?

"बटईनं देते," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आमच्यात बकरी देतात तशी. बकरी मालकाची, चारणारा दुसरा. पिल्लं अर्धी-अर्धी. हा तुकडा तुमी चारा. दुसरा माह्यापाशी राहीन."

"आणि हाडाचं पिल्लू कोणतं गं?"

"माहिती. आधी मला सांगायची, मग पेपरवाल्यायले. आन् नाव माह्यं बी छापायचं."

बाबांनी कपाळावर हात मारला. सुधाकरराव मात्र म्हणाले, "कबूल." मग त्यांनी तुकडा कापसात गुंडाळून डब्यात ठेवला. त्यांची जीप इचोड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिचा नंबर पाठ करत होते.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात बाबांच्या फोनवर त्यांचा आवाज आला. "हर्षाली, डायनोसॉरच्या पायाचं दिसतंय. पण सांधा तुझ्या तुकड्यात आहे. त्याशिवाय पक्कं सांगता येत नाही. पाठवून दे."

"पाठवत नसते," मी म्हटलं आणि ज्वारीच्या पोत्यात हात घातला. "घेऊन येते. बाबा, उद्याची नागपूरची गाडी किती वाजता हाय?"