हयात माणसं दिसत नाहीत

बशीतला चमचा घसरून फरशीवर पडला, खणखणत टेबलाखाली गेला आणि गप्प झाला. आतल्या खोलीत पलंग करकरला. आम्ही तिघांनी श्वास रोखला. माझी लेक भिंगरी कुशीवर वळली असावी, पण उठली नाही.

"चमचा राहू दे तिथेच," काका कुजबुजले. "वाकलो तर माझी हाडं वाजतील, मग पोर नक्की उठेल."

मावशी हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष स्क्रीनवर होतं. तिथे त्यांच्या भावाचं नाव होतं, जन्मगाव होतं आणि त्याखाली दोन गोल. एकापुढे 'हयात', दुसऱ्यापुढे 'मयत'. टिंब हयातमध्ये होतं. ते तिथून उचलून खालच्या गोलात टाकायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

भिंगरी दुपारी झोपते तेवढ्या वेळात मी हा वर्ग घेते. वर्ग म्हणजे समोरची खोली, एक जुना कॉम्प्युटर, माझा लॅपटॉप आणि माउसला हात लावायची धास्ती असलेले दोन विद्यार्थी. वाचनालयाच्या फळ्यावर मी चिठ्ठी डकवली होती: 'इंटरनेटवर आपलं घराणं शोधायला शिका.' नुसतं 'कॉम्प्युटर शिका' लिहिलं असतं तर हे दोघं फिरकले नसते. कॉम्प्युटरची गरज आहे असं म्हाताऱ्या माणसांना वाटत नाही. माणसांची गरज मात्र वाटते.

काका रिटायर्ड वायरमन. त्यांचा मूळ पुरुष कुठल्याशा राजाचा सेनापती होता म्हणे, आणि त्यांना थेट त्याच्यापासूनच सुरुवात करायची होती. मी म्हटलं, काका, वंशाचं झाड खालून चढायचं. आधी स्वतः, मग आईवडील, मग त्यांचे आईवडील. पहिल्याच दिवशी त्यांनी चुकीच्या जागी दाबलं आणि वडिलांना स्वतःच्या खाली, मुलाच्या जागी बसवलं.

"बापाला पोरगा केलात, काका!"

"असू दे. शेवटी शेवटी वागायचा तसाच."

मावशी म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या. अख्ख्या गल्लीच्या त्या मावशी. माझं बाळंतपण झालं तेव्हा भिंगरीची पहिली झबली त्यांनीच शिवली, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, कोवळ्या अंगाला टोचू नये म्हणून. कॉम्प्युटरशी मात्र त्यांचं जमेना. मशीनवर सुई एका जागी राहते आणि कापड सरकवायचं असतं. इथे उलटं. त्या बाणाला एका जागी ठेवून पान ओढायला बघायच्या, माउस उचलून हवेत धरायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. "कापड पळतंय बघ," म्हणायच्या. पण सोडलं नाही त्यांनी. उसवायचं आणि पुन्हा घालायचं, हेच जन्मभर केलेलं.

त्यांना सेनापती नको होता. त्यांना दादा हवा होता.

मावशींना शाळेतून काढून वडिलांनी मशीनवर बसवलं, त्यावरून दादा वडिलांशी भांडला. दोघंही तापट. दादाने पिशवी उचलली आणि दारातून वळून बहिणीला म्हणाला, "तू इथेच थांब. मी तुला न्यायला येतो." मावशी थांबल्या. वडील गेले, आई गेली, मधे दोनदा बरं घर मिळत होतं, एकदा तर बरं स्थळही आलं होतं. दादा आला तर याच दारात येणार, म्हणून मावशी त्या दारामागून हलल्या नाहीत. आता ती इमारतच पाडायला काढली होती. खालचे बिऱ्हाडकरू निघून गेले होते, जिन्यातला दिवाही काढून नेला होता. मावशींना भाचीकडे, म्हणजे चुलतबहिणीच्या मुलीकडे जावं लागणार होतं, दुसऱ्या शहरात.

"दार जाणार," त्या पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या. "तर मला त्या इंटरनेटवर एक दार करून दे. दादाला सापडेल असं."

मी उत्साहाने हो म्हटलं. त्यांचं झाड लावलं, आईवडील भरले, दादा भरला. हयात की मयत, या प्रश्नाशी तेव्हा त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "हयातच! विचारायचं काय त्यात?" स्वतःच्या हाताने टिंब दिलं. ते त्यांचं पहिलं न चुकलेलं क्लिक.

पुढचे काही आठवडे त्या येऊन झाड बघत बसायच्या. मग त्या दुपारी, चहा घेता घेता, त्यांनी विचारलं, "दादाने त्याच्याकडून उघडलं, तर त्याला हे असंच दिसेल ना?"

मी काकांच्या खात्यातून मावशींचं झाड उघडून दाखवलं. आईवडील दिसले. खाली दोन राखाडी चौकटी होत्या, शेजारी शेजारी. नाव नाही, गाव नाही. दोन्हींवर एकच शब्द, 'खाजगी'.

"हे कोण?"

"एक तुम्ही. एक दादा."

मग मला समजावून सांगावं लागलं. जिवंत माणसाची माहिती परक्याच्या हाती पडू नये म्हणून साइट ती झाकते. झाड ज्याचं, त्यालाच ती दिसते. शोधणाऱ्याला सापडतात ती फक्त गेलेली माणसं. माझ्या स्वतःच्या झाडात भिंगरी अशीच राखाडी आहे, आणि मला ते बरंच वाटतं. कोणाची नजर नको माझ्या लेकीला. पण मावशींच्या शेजारी बसून ते बरं वाटेना.

"म्हणजे मेलेल्यांचंच दर्शन," काका म्हणाले. "मग वर्ग मसणातच भरवू या की. तिथे गर्दी चांगली."

"काका," मी म्हटलं.

"गप्प बसतो."

"आणि मयत केलं तर?" मावशींनी विचारलं.

"तर नाव दिसेल. दुसऱ्या कोणाच्या झाडात तेच नाव, तेच जन्मगाव असेल, तर साइट आपल्याला कळवेल."

मी पुन्हा मावशींच्या खात्यातून दादाची चौकट उघडली, आणि तेव्हाच मावशींच्या कोपराने बशी हलली आणि चमचा पडला.

"मी दाबू का?" शेवटी मीच म्हटलं. "नुसतं टिंब आहे, मावशी. त्याने काही होत नाही."

"काही होत नाही तर माझा हात का अडतोय?" त्या म्हणाल्या. "नको. दुसऱ्याच्या हाताने नको."

त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं. बाण भलतीकडेच होता. जन्मगावाची चौकट उघडली.

"डोळे उघडे ठेवूनच करावं लागेल," मी म्हटलं. असं काही कोणाला सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. सुईत दोरा ओवताना बघतात तसं बारीक बघितलं आणि टिंब खाली टाकलं. साइटने लगेच पुढचं विचारलं: मृत्यूची तारीख? मावशी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या.

"त्या साइटला म्हणावं, घाई करू नकोस," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या. चहा तसाच राहिला. त्यानंतर त्या वर्गाला आल्या नाहीत. काका एकटेच यायचे आणि सेनापतीबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत.

निरोप माझ्या मेलवर आला, कारण मावशींना मेल नव्हता. मी भाजी निवडत होते, भिंगरी देठांचं घर बांधत होती. 'तुमच्या झाडातील एका व्यक्तीशी जुळणी सापडली आहे.' मी ती जुळणी उघडून एकदा वाचली आणि लॅपटॉप मिटला. भाजी तशीच टाकली आणि "चल, मावशीकडे," म्हणत भिंगरीच्या पायात चपला सरकवल्या.

"मावशीकडे?" ती म्हणाली. "आज तर मी झोपलेच नाही!"

"आज नाही झोपायचं."

मावशींच्या खोलीत गाठोडी बांधून झाली होती. कपाट होतं तिथल्या भिंतीवर त्याच्या आकाराचा उजळ पट्टा उरला होता. मशीन तेवढं जागेवर होतं. भिंगरी सवयीने त्याच्याखाली शिरली आणि रंगीत कातरणं वेचू लागली. मी लॅपटॉप मशीनच्या पाटावर ठेवला. मावशींनी माझ्या तोंडाकडे बघितलं. माउस त्यांनीच हातात घेतला. पान नीट, न पळू देता, खाली आणलं.

दादाचं नाव होतं. जन्मगाव होतं. पुढे मृत्यूचं साल होतं, आणि ते अलीकडचं नव्हतं. मावशी बोटांवर मोजायला लागल्या, आणि मधेच त्यांनी हात मांडीवर ठेवून दिला. दादाखाली दोन राखाडी चौकटी होत्या, मुलं असणार. झाड त्यांच्यातल्याच कोणीतरी लावलेलं. दादाच्या वर, आईवडिलांच्या जागी, काहीच नव्हतं. 'अज्ञात', 'अज्ञात'.

"बापाचं नाव काढलं नाही शेवटपर्यंत," मावशी म्हणाल्या. "आणि बापामुळे आईचंही."

दादाच्या शेजारी मात्र एक चौकट होती. बहिणीची. त्यात शाळेतलं नाव नव्हतं, 'गुंडी' असं लिहिलं होतं.

मावशींच्या तोंडून आवाज आला, हसण्यासारखा. "वडिलांच्या शर्टाच्या गुंड्या मी तोंडात धरायचे. म्हणून दादा... दुसरं कोणी नाही म्हणायचं."

मग त्यांचं बोट स्क्रीनवर पुढे सरकलं. गुंडीची चौकट राखाडी नव्हती. ती आम्हाला स्वच्छ दिसत होती. मला घरीच कळलं होतं. मावशींना आता कळलं. नावाखाली लिहिलं होतं: मयत.

खाली रस्त्यावर कोणीतरी सामान टेम्पोत चढवत होतं. लाकूड लाकडावर घासलं जात होतं.

"मावशी," मी म्हटलं, "मुलांनीही आपल्यासारखंच केलं असेल. तुम्ही सापडाव्यात म्हणून. हयात ठेवलं असतं तर..."

"असेल." त्या शांतपणे म्हणाल्या. "नाहीतर दादानेच सांगितलं असेल पोरांना. आत्याला आणायला का जात नाही, म्हणून विचारत असतील. काहीतरी उत्तर द्यावं लागतं ना पोरांना."

"किंवा कोणीतरी त्यांना खोटंच कळवलं असेल."

"तसंही असेल."

"मुलांना निरोप धाडता येतो. इथे, हे बटण आहे. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"काय लिहायचं?" मावशींनी माझ्याकडे बघितलं. "मी मेलेली नाही, असं?"

मी बटणावरचा हात मागे घेतला. मावशींनी पदराने स्क्रीनवरची धूळ पुसली, फक्त दादाच्या आणि गुंडीच्या चौकटींपुरती, आणि पदर तसाच धरून बसल्या. डोळ्यांना लावला नाही.

मशीनखालून भिंगरी बाहेर आली. तिच्या मुठीत लाल, निळी कातरणं होती. ती आमचं सगळं ऐकत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती मावशींच्या मांडीला टेकून उभी राहिली, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, दादाला मावशी मेली असं वाटलं, तेव्हा तो खूप रडला होता का गं?"