डाव्या चाकाचा शॉकप

मित्रांनो, शिरूरच्या एका गॅरेजमागे भंगारात जे तेलकट नळकांडं पडलंय ना, ते म्हणजे मी. मी एक जुना शॉकप आहे, मुजीबभाईंच्या ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकाचा. खड्ड्यात चाक आदळलं की उसळणारी गाडी सावरायची, हे माझं काम. रांजणगावचा काचेचा माल दौंडला नेताना मी कधी तडा जाऊ दिला नाही. "आपला शॉकप लई गुणाचा," असं मुजीबभाई सांगत, तेव्हा मी फुलून जाई.

मग न्हावऱ्याजवळ माझा उजवा जोडीदार मोडला. गॅरेजचे सुदर्शन मिस्त्री म्हणाले, "मुजीबभाई, जोडीनं बदला. आन् तुमच्या लोडला जाड नळीचाच घ्या."

"डावा धड हाय की, मिस्त्री. त्याला कशाला हात लावायचा?"

ऐकून मला केवढा आनंद झाला!

पण उजवीकडे तो नवा आला, लालभडक, चकचकीत. मुजीबभाई रोज वाकून त्यालाच न्याहाळायचे. माझ्या अंगावर ओघळलेलं तेल कोणाच्या नजरेसही पडेना. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकच समाधान होतं. दौंडला पोचेपर्यंत तो तापून निघायचा आणि मी गारच्या गार. नाजूक कुठला, असं म्हणून मी मनात हसायचो.

एकदा केडगावच्या वळणावर मुजीबभाईंनी ब्रेक दाबला, तर डावं चाक टणाटण उडालं. समोरच्या दुचाकीवरच्या बाई थोडक्यात वाचल्या. मुजीबभाईंनी ट्रक तडक गॅरेजला आणला. आता खापर त्या तापणाऱ्या नव्यावर फुटणार, म्हणून मी खूश.

मिस्त्रींनी खाली शिरून आम्हा दोघांना हात लावला. नव्यावरचा हात त्यांनी झटकन मागे घेतला. माझ्यावरचा तसाच राहिला.

"ह्यो गार पडलाय, मुजीबभाई. काम करणारा तापतो. कवाधरनं सगळा मार त्यो नवा एकटाच खातोय, त्योबी झिजलाय."

मुजीबभाईंनी वाकून स्वतः दोघांना हात लावून पाहिला. "दोन्ही बदला, मिस्त्री. त्या बाईंचा चेहरा डोळ्यांपुढनं हलंना."

आता मी दुपारच्या उन्हात चांगला तापतो, पण ते तापणं कामाचं नव्हे. ट्रक गॅरेजला आला की मुजीबभाई आधी खाली वाकतात. "दोन्ही गरम हायत," असं म्हणून समाधानानं उठतात. त्या जोडीचा मला अजूनही हेवा वाटतो. मित्रांनो, लांबून चालून आलेल्या गाडीखाली जरूर वाका आणि जुन्या-नव्या दोघांनाही हात लावून पाहा. मला तो हात वेळेवर लागला नाही.