दीड फेरा

“फक्त सही करायचीय, मावशी. चहा होईपर्यंत सगळं परत दिसायला लागेल,” मशीन कंपनीचा माणूस म्हणाला आणि त्याने कागद उघड्या शिलाई मशीनवरच ठेवला. मावशींनी तो आधी उचलून बाजूला केला. मशीनच्या पोटात तेल होतं आणि तेल काही साहेबाचा कागद म्हणून सोडत नाही.

या दुकानात मावशी आणि त्यांचे यजमान बावीस वर्षं मशीनी दुरुस्त करत आले. यजमानांना सगळे मास्तर म्हणत. पुढे दोघांनी नेटवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. मास्तर बोलायचे, मावशी फोन धरायच्या. “दीड फेरा. पुढे गेलात तर दोरा तुमच्याशी बोलणार नाही,” हे दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू फिरवताना मास्तरांचं ठरलेलं वाक्य. फोन भरला की मास्तर जुने व्हिडिओ बिनधास्त पुसायचे. म्हणायचे, “नेटवर आहेत की. तिथून कुठे पळतायत?”

मास्तर गेल्या वर्षी गेले. मावशी नेटाने एकट्या व्हिडिओ करत राहिल्या. कंपनीची नवी मशीन बाहेरून घेतलेली मोटर बसवली की हटून बसायची, पडद्यावर ‘सेवा केंद्रात या’ म्हणायची. तिला पुन्हा चालू कसं करायचं, ते मावशींनी दाखवलं. शिवणकामावर घर चालवणाऱ्या बायकांनी भरभरून आशीर्वाद दिले. कंपनीने व्हिडिओच्या साइटकडे तक्रार दिली आणि एका सकाळी मावशींचं सगळं खातंच गायब झालं. तीनशे बारा व्हिडिओ. दाद मागितली तर तेच एक ठोकळेबाज उत्तर यायचं: धोकादायक माहिती.

आता कागदावर लिहिलं होतं की, मी दाखवलेली पद्धत धोकादायक आहे आणि मी लोकांची दिशाभूल केली.

“तुम्ही सही केली की आम्ही तक्रार मागे घेतो,” तो म्हणाला. “काकांचे व्हिडिओसुद्धा परत येतील.”

मास्तरांचं नाव त्याने मुद्दाम शेवटी काढलं होतं.

“आई, कर ना सही,” आतल्या दारात उभी असलेली लेक हळूच म्हणाली. “बाबांचा आवाज दुसरा कुठे आहे आपल्याकडे?”

मावशींनी चष्मा पुसला. “साहेब, मी दाखवलं त्याने कुणाला शॉक बसला?”

“तसं नाही…”

“कुणाचं बोट गेलं?”

“कंपनीचं धोरण असतं, मावशी.”

“म्हणजे धोका तुमच्या सेवा केंद्राला आहे. मग तसं लिहून आणा, आत्ता सही करते.”

तो कसनुसं हसला. “आम्ही पुन्हा विचारायला येणार नाही.”

“नका येऊ,” मावशी म्हणाल्या. “त्या व्हिडिओंत माझा माणूस एक शब्द खोटा बोललेला नाही. त्याचा आवाज मिळावा म्हणून मी खोटं लिहून दिलं, तर तो कुठल्या कानांनी ऐकू?”

साहेब कागद तिथेच टाकून गेला. लेक आत गेली आणि तिने दार जरा जोरातच लावलं. मावशींना रडू आलं. त्या रडल्या, मग तोंड धुऊन त्यांनी टेबल ओढत दुकानाच्या पायरीपाशी आणलं आणि फळ्यावर खडूने लिहिलं: अडलेली मशीन घेऊन या, शिकवून पाठवते.

दुपारी चार बायका आल्या. एकीने ती नवी मशीन काखोटीला मारून आणली होती. मावशींनी साहेबाचा कागद उलटा पसरला आणि स्क्रू घरंगळू नयेत म्हणून त्यावर मांडले. अडलेली मशीन सुरू करून दाखवली. मग दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू हातात घेतला.

“दीड फेरा,” त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

“पुढे गेलात तर दोरा तुमच्याशी बोलणार नाही,” मागून लेक म्हणाली. ती दारात उभी होती, डोळे सुजलेले. तिने स्टूल ओढलं आणि बायकांना सरकून बसायला सांगितलं.

मावशींनी स्क्रू दीड फेऱ्यावर सोडला आणि सगळ्यांना दिसेल अशी मशीन फिरवली.